मेलेल्यांना लाजता येत नाही

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनीबाई,

तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, तरी मी वहिनीबाईच म्हणणार. माझ्या भावाला वठणीवर आणणारी बाई वयाने केवढी का असेना, मानाने मोठीच.

बाटल्यांचा डबा बसवाल्याने सुखरूप पोचवला. एकही बाटली फुटली नाही. तुझ्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या ढब्बूने, प्रत्येक बाटलीला जुन्या बनियनच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, त्यामुळे डबा उघडल्यापासून आमच्या संशोधन संस्थेतले शिपाई नाक दाबून फिरताहेत. त्याला सांग, पुढच्या वेळी निदान धुतलेली बनियन फाड. आणि तू डब्यात पत्र घालायला विसरू नकोस. फोनवर तू 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणतेस. कागदावर माणसाला इतक्या सहज थाप मारता येत नाही. त्याची ती खालची एक ओळही हवी. लग्नाआधी पानभर लिहायचा, आता तुझ्या पत्राला शेपटी लावतो.

आता बातमी. तुमची खाडी जिवंत आहे!

तू मागे विचारलं होतंस, मासे मेले तर चिखलात काय शोधता म्हणून. अगं, मासा पोहून कुठेही जातो, त्याच्यावरून जागेचा भरवसा धरता येत नाही. चिखलात वाळूच्या कणाहून बारीक, कवचवाले जीव असतात. आम्ही त्यांना फोराम म्हणतो. ते आपली जागा सोडत नाहीत. पाण्यात विष मुरत असेल तर त्यांची कवचं वेडीवाकडी वाढतात, आणि फारच झालं तर ते मरतात. ढब्बू चिखल काढल्या काढल्या बाटलीत जो रंग ओततो ना, तो जिवंतांना चढतो आणि ते गुलाबी होतात. मेलेल्यांची रिकामी कवचं पांढरीच राहतात. मी विद्यार्थ्यांना सांगते, मेलेल्यांना लाजता येत नाही.

धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्याचा नळ जिथे खाडीत सुटतो, तिथल्या चिखलाची मला धास्ती होती. पण तिथेही गुलाबीच गुलाबी. कवचं सरळ, सुबक, एकही वाकडं नाही. 'खाडी निरोगी' असा अहवाल मी सही करून बंदर कचेरीला पाठवला. आमच्या संस्थेचे साहेब तर इतके खूश की मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या पैलवानाला म्हणावं, तूच हट्ट धरला होतास ना, की चिखल आपल्यातल्याच माणसाने काढायचा आणि तोही ढब्बूनेच? आता ऐक. तुमचे मासे दुसऱ्या कशानेतरी मेले असतील, कारखान्याच्या नावाने शंख करण्यात अर्थ नाही.

तुझी वन्सं


११ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

दातओठ खाऊन लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर माफ करा.

तुमचा अहवाल परवा लिलावाच्या शेडमध्ये वाचला गेला. वाचला कुणी, तर कारखान्याच्या मॅनेजरने. माइक घेऊन आला होता. सगळी खाडी शेडमध्ये लोटली होती. बायका मासे कापायच्या ओट्यांवर चढून बसल्या होत्या. कापायला मासे नाहीतच, ओटे रिकामेच असतात. 'खाडी निरोगी' म्हणून त्याने वाचलं आणि वर हसून म्हणाला, "अहवाल लिहिणारी तर तुमच्याच माणसाची सख्खी बहीण आहे, आमची नव्हे."

 मग पैलवान उठला. सोसायटीचा चेअरमन, ह्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार, दोघांच्या होड्या एकाच खुंट्याला बांधलेल्या. त्याने ह्यांना विचारलं, "खरं सांग, किती घेतलेस?" हे म्हणाले, "माझी बहीण खोटं बोलत नाही." वन्सं, एवढंच म्हणाले. दुसरं काहीही म्हणाले असते तर सुटले असते.

पहिला फटका कुणाचा ते मला दिसलं नाही. वल्ह्याचा होता एवढं खरं. ओल्या फरशीवर हे पडले आणि मग जो तो पायांनी तुडवायला लागला. आमच्या शेजारची म्हातारी, जी माझ्याकडून रोज मीठ उसनं नेते, तीसुद्धा चप्पल काढून मारत होती. मी माझी मासे कापायची सुरी घेऊन मध्ये घुसले. एकाच्या दंडावर ओढली, तेव्हा कुठे वाट झाली. त्याला सात टाके पडलेत. मला वाईट वाटलेलं नाही.

ह्यांना दोन-चार फटके बसले आहेत. उजव्या हाताची बोटं सुजली आहेत. घाबरू नका.

वन्सं, जानेवारीच्या मध्याला एका सकाळी पाणी पिवळं आलं. मी स्वतः गुडघाभर पाण्यात उभी होते. पाय चुरचुरायला लागले म्हणून बाहेर आले, तर मागून खेकडे रांगत बाहेर आले आणि वाळूवर उलटे होऊन मेले. संध्याकाळपर्यंत मासे पोट वर करून आले. त्यांची रास माझ्या कमरेएवढी होती. तुमचे किडे लाजले असतील, आमची खाडी मेलीय. कुणाचं खरं धरू?

तुमची वहिनी

ताई, डाव्या हाताने लिहितोय, हसू नको. खेकडे मेलेत हे मी पण पाहिलंय. परत एकदा बघ. ढब्बू


१४ फेब्रुवारी

वहिनी,

 माझ्या भावाला मारलं! पैलवानाने? आमच्या घरी जेवून वाढला तो!

पण तुझ्यावरही मी रागावले आहे, ते आधी सांगते. 'कुणाचं खरं धरू' म्हणजे काय? मी हे काम गेली बावीस वर्षं करते आहे. डोळे फुटेस्तोवर दाणा दाणा निवडते. रंग खोटं बोलत नाही, आणि मी तर नाहीच नाही. नळाच्या तोंडाशी विष सुटलं असतं तर तिथले फोराम वाकडे तरी निघाले असते, नाहीतर पांढरे तरी. दोन्ही नाही. याचा अर्थ एकच उरतो. चिखलच चुकीच्या जागचा आहे. ढब्बू लहानपणापासून आळशी. भरती असेल, नळापर्यंत होडी नेणं जिवावर आलं असेल, वरच्या अंगाला स्वच्छ खाडीतला चिखल भरून दिला असेल. लबाडी म्हणून नाही गं, आळस म्हणून.

त्याला फोन केला तर उचलत नाही. रुसलाय ना? म्हणून मी सरळ पैलवानालाच फोन केला. आधी त्याला झाड झाड झाडलं. मग विचारलं, ढब्बूने चिखल नक्की कुठून काढला, तुमच्यापैकी कुणी पाहिलं का, मला शंका आहे. त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवून दिला. चौकशी करेल. तुम्हा दोघांनाही बरंच होईल, खरं काय ते बाहेर येईल.

ढब्बूला म्हणावं, रुसवा सोड आणि एक ओळ लिही. डाव्या हाताचं अक्षर छान आहे, कोंबड्याने नाचून काढल्यासारखं.

वन्सं


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

तुमच्या फोननंतर पैलवान शेडमध्ये उभा राहून ओरडला, "त्याची बहीणच म्हणते, चिखल चुकीच्या जागचा दिला!" त्यापुढे कुणाला काही सांगायची सोयच राहिली नाही. आता तर घरचाच साक्षीदार मिळाला.

सगळे धक्क्यावर आले. बायकांनी रॉकेल आणलं होतं, पुरुषांनी डिझेल. आमच्या होडीवर ओतलं. मी दोर धरून उभी होते, माझ्या केसांना धरून मला बाजूला फेकलं. दात तुटला. होडी पेटली तेव्हा आवाज झाला, इंजिनाची टाकी फुटल्याचा. फळ्या उडून पाण्यात पडल्या आणि पाण्यावरही जळत राहिल्या. आमचा फोनही होडीतच गेला, फोन करू नका.

ह्यांचा चिखल चुकीच्या जागचा नव्हता. मी स्वतः होडीत होते. नळाचं तोंड हाताने चाचपून, त्याच्या खालचा चिखल ह्यांनी काढला. आळशी म्हणालात ना? पाणी इतकं झोंबत होतं की त्यांच्या हाताची सालं निघाली होती, तरी चार बाटल्या भरल्या. मागच्या पत्रात बोटं सुजली म्हणून लिहिलं, तेही खोटं होतं. त्या दिवशी शेडमध्ये त्यांचा हात जाळं ओढायच्या यंत्रात घातला होता. तीन बोटं चिरडली.

हे होडीवर नव्हते. मी त्यांना आधीच लपवलंय. कुठे ते लिहीत नाही, डबा चार हातांतून जातो. तुम्ही इथे येऊ नका. तुम्ही इथे दिसलात तर तुमचेही तुकडे करतील, आणि मग ह्यांचं नाव धुऊन काढायला कुणी उरणार नाही. तिथेच राहा आणि तुमचं ते डोळा लावायचं यंत्र घेऊन बसा. माझ्या नवऱ्याने चिखल बरोबर दिला. चूक तुमच्याकडे आहे. शोधा.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी गं,

तीन दिवस मी घरी गेले नाही. तुझा शब्द खरा धरला. चिखल बरोबर, पाणी पिवळं झालं हेही खरं, खेकडे मेले हेही खरं. मग गुलाबी कसं? या एका प्रश्नाला डोकं आपटत बसले. आणि उत्तर इतकं साधं आहे की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रंग जिवाला चढत नाही, मांसाला चढतो. मेलेल्या फोरामच्या कवचात मांस जोवर कुजलेलं नाही, तोवर तोही जिवंतासारखाच गुलाबी होतो. गार, हवा नसलेल्या चिखलात ते आठवडेच्या आठवडे टिकतं. हे मला माहीत होतं गं! पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आम्ही सांगतो. पण नेहमी थोडे थोडे मरत असतात, त्यामुळे फारसा फरक पडत नाही, म्हणून आम्ही ते सांगतो आणि विसरतो. पिवळं पाणी आल्यावर पंधरा दिवसांतच ढब्बूने चिखल काढला. सगळे एकदम, एकाच दिवशी मेले होते. अख्खं गाव मेलेलं, पण अजून गालांवर लाली!

आणि कवचं वाकडी का नाहीत? वाकडं वाढायलासुद्धा वेळ लागतो, वहिनी. विष हळूहळू आलं असतं तर वाकडी झाली असती. इथे टाकीच्या टाकी एका झटक्यात सोडली. वाकडं व्हायलाही त्यांना उसंत मिळाली नाही. मी सुबक कवचं पाहून खूश झाले, साहेबांचा चहा प्यायले.

पण हे नुसतं म्हणून चालणार नाही, दाखवावं लागेल. मला नळाच्या तोंडाचा ताजा चिखल हवा. रंग नको, टिकवायचं स्पिरिट नको. त्याच पाण्यात, थंड ठेवून. आणि तुलनेला वरच्या अंगाचा. जिवंत फोराम असेल तर बशीत ठेवल्यावर काही तासांत बारीक धागे बाहेर काढतो आणि भोवतालचा चिखल आपल्याकडे ओढतो. मेलेला कितीही वाट पाहिली तरी हलणार नाही.

पण आता कोण आणणार? ढब्बूला जाऊ देऊ नकोस. तुला माझी शपथ. एखादा भरवशाचा माणूस बघ.

त्याचा हात कसा आहे? डॉक्टरला दाखवलास का? मी इथून औषधं पाठवते. त्याला सांग, ताई गाढव आहे. हे ऐकून तो नक्की हसेल. दुखत असेल तर लिहू नको म्हणावं, पण तुझ्या पत्राखाली नुसती एक रेघ तरी मार. मागच्या पत्राखाली जागा रिकामी पाहून मी कागद उलटून मागेही शोधलं.

वन्सं


२६ फेब्रुवारी

वन्सं,

दोन बरण्या पाठवते. दोरीची गाठ एक ती वरच्या अंगाची, गाठी दोन ती नळाची. बर्फ वितळला असेल तर बसवाल्याला शिव्या द्या.

भरवशाचा माणूस इथे शिल्लक नाही, मीच गेले. होडी नाही, ओहोटीला चिखलातून चालत. कारखान्याच्या कुंपणाशी राखणदार बसवलाय. त्याने आधी शिट्टी मारली, मग काठी. पहिली पाठीत बसली, दुसरी बरणीवर बसणार होती म्हणून मी मध्ये हात घातला. मनगट गेलं असं वाटलं, गेलं नाही. तो माझी मान चिखलात दाबत होता आणि म्हणत होता, "मर भवाने, मर." तोंडात तो चिखल गेला, वन्सं. लोखंड चाटल्यासारखी चव आहे. सुरी कमरेला होती. मी त्याच्या मांडीत खुपसली आणि फिरवली. वरच्या अंगाची बरणी मी आधीच भरून आणली होती, तो ओरडत बसला तोवर नळाची भरली. त्याच्याच समोर भरली. ओरडून ओरडून दमला, मग तोच म्हणाला, "बाई, मला उचला." मी नाही उचललं. शिट्टी तेवढी त्याच्या हातात दिली.

इतकी आग माझ्यात कुठून आली मला कळत नाही. पूर्वी मी उंदीरही मारायचे नाही, ह्यांना हाक मारायचे.

तुम्ही बशीत बघा. नीट बघा. यावेळी चहा पिऊ नका.

वहिनी

ताई, चिखल बघ. मी ठीक. ढब्बू


६ मार्च

माझ्या वहिनीबाई,

आधी ती शेवटची ओळ! कोंबडा पुन्हा नाचला! मी ती कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. तू राखणदाराशी काय केलंस ते वाचून घाम फुटला, आणि त्या ओळीने जीव भांड्यात पडला.

आता ऐक, आणि ढब्बूला मोठ्याने वाचून दाखव.

एका गाठीच्या बरणीतले फोराम बशीत ठेवले. संध्याकाळपर्यंत त्यांनी धागे काढले, कोळ्याच्या जाळ्यासारखे, चिखल ओढायला लागले, दोन तर बशीची कड चढायला निघाले. दोन गाठींची बरणी दोन दिवस ठेवली. मग आणखी दोन दिवस. एक हलला नाही. एकसुद्धा नाही. मग त्यांच्यावर रंग टाकला, तर बरेचसे छान गुलाबी झाले. मी तिथेच बसून रडले.

साहेबांकडे गेले. म्हणाले, "अहवाल मागे घेतला तर संस्थेचं नाक कापलं जाईल. तुमचा भाऊ गुंतलाय, तुमचं मन ठिकाणावर नाही." मी म्हटलं, नुसतं एकदा डोळा लावा. ते नको म्हणाले आणि फाइल मिटायला लागले. वहिनी, तुझं वारं मला लागलं असणार. मी त्यांची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून ओढलं, फरफटत प्रयोगशाळेत नेलं आणि मानगूट धरून डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. चष्म्याची काच फुटली, भुवईतून रक्त यायला लागलं. "दिसतंय का? हलतंय का काही?" मी किंचाळत होते. दारात शिपाई, विद्यार्थी, सगळे उभे. शेवटी ते म्हणाले, "नाही हलत." सगळ्यांनी ऐकलं.

माझी नोकरी बहुतेक जाईल. जाऊ दे खड्ड्यात. सुधारलेला अहवाल मी स्वतः बंदर कचेरीत नेऊन टेबलावर आपटला, बशांसकट. काल त्यांनी नळ सील केला. कारखान्याच्या टाक्या तपासायला माणसं गेली. मॅनेजर पळालाय म्हणतात.

आणि पैलवानाला फोन केला. 'ढब्बूने चिखल बरोबर दिला होता, चूक माझी होती, आता शेडमध्ये तसंच ओरडून सांग' असं म्हटलं.  तो एकदम हमसून हमसून रडायला लागला, थांबेचना. मी म्हटलं, रड, रड, आणि जा ढब्बूचे पाय धर. तर आणखीनच रडला. ठेवून दिला मी.

आता लपायचं कारण उरलं नाही ना? त्याला घरी आण. मी रविवारी निघते. हाताच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्याला इकडे घेऊन येईन. तीन बोटं गेली तर गेली, वाटाणे सोलायला बाकीची पुरतात. तसाही उजव्या हाताने त्याने कधी काय दिवे लावले!

ताई गाढव आहे हे ऐकून हसला का तो?

तुझी वन्सं


९ मार्च

वन्सं,

डॉक्टरांची वेळ रद्द करा.

होडी पेटवली तेव्हा हे होडीतच होते. इंजिनाच्या खणात, डाव्या हाताने बिघाड शोधत. ओतणाऱ्यांना ते आत आहेत हे माहीत नव्हतं, असं ते आता म्हणतात. मी ओरडून सांगत होते. दात तुटला तो तेव्हाच, तोंड दाबलं म्हणून. टाकी फुटल्यावर आतून आवाज आला, तेव्हा सगळ्यांना कळलं. पैलवानाने आगीत उडी मारून त्यांना काढलं. त्याच्या हातांची कातडी गेली. ह्यांचं काय काय गेलं ते मी लिहीत नाही, तुम्ही बहीण आहात. घरापर्यंत आणेस्तोवर श्वास होता. दारात संपला. १७ फेब्रुवारीला. पोलिसांनी 'इंजिनाला आग लागून' असं लिहून घेतलं. मी सांगितलं ते लिहिलं नाही, बाकी कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पोचवून आलो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला पत्र लिहिलं.

लपवलंय असं लिहिलं. मागच्या पत्राखालची ती ओळ मी लिहिली. डाव्या हाताने. आठ कागद फाडले तेव्हा जमली. तुम्ही काचेखाली ठेवलीत ती माझी आहे.

का केलं ते विचाराल. कळवलं असतं तर तुम्ही ऊर बडवत धावत आला असता, आणि बशीत बघायला कुणी उरलं नसतं. ह्यांच्या नावाला चिखल तसाच लागून राहिला असता. हे एक कारण, आणि ते खरं आहे. दुसरंही खरं आहे. मला तुमचा इतका राग आला होता, की वाटलं, मेलेल्यांना जिवंत म्हणते ना ही? मग हिच्यासाठी आणखी एक जिवंत ठेवू. तुम्ही त्यांच्या हाताची, औषधांची चौकशी करत होतात आणि मी वाचत होते. वाचताना बरं वाटायचं. मग मला हळूहळू ते खरंच वाटायला लागलं. ओळ लिहिली तेव्हा मी हातावर फुंकर घातली, दुखत असेल म्हणून. शेवटचं तोंड बघायचा तुमचा हक्क मी खाल्ला, वन्सं. तो आता परत देता येत नाही.

काल शेडमध्ये नवा अहवाल पैलवानाने वाचला. हात बांधलेले, कागद दुसऱ्याने धरला होता. वाचून झाल्यावर कुणी कुणाकडे बघेना. मग तो माझ्या दारात आला, काखेत कुऱ्हाड धरून. उंबऱ्यावर टाकली आणि खाली बसला. मान पुढे केली. म्हणाला, "वहिनी, घाला." मागे अख्खी वस्ती उभी होती. मला वाटलं होतं, वन्सं, की असा दिवस आला तर मला विचार करावा लागणार नाही. मी कुऱ्हाड उचलली. त्याच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते. हे त्याला चिडवायचे त्यावरून.

मी त्याला ओलांडून धक्क्यावर गेले आणि त्याची होडी फोडली. खुंट्यापासून सुरुवात केली. मनगट दुखत होतं तरी फोडली. दुपारपर्यंत घाव घालत होते, फळी फळी वेगळी केली, कणासुद्धा सोडला नाही. कुणी अडवलं नाही. पैलवान पाण्यात उभा राहून, भाजल्या हातांच्या कोपरांनी एकेक फळी काठाला लोटत होता. शेजारची म्हातारी घागर घेऊन आली, मला पाणी पाजायला. मी घागरही फोडली. मग तिच्याच गळ्यात पडून रडले.

सोबत एक बरणी आहे. नळ बंद झाल्यानंतरचा, त्याच्या तोंडाचा चिखल. ओहोटीला मीच काढला, आता काठी मारायला कुणी नाही. दर महिन्याला पाठवीन. रंग घालू नका. नुसते बशीत ठेवा आणि वाट बघा. एखादा हलला तर मला कळवा, नाही हलला तरी कळवा. खरं असेल ते.

आणि रविवारी निघणार होता तशा निघा. तुम्ही दारात आलात की मी तुम्हाला मारीन, नाहीतर गळ्यात पडेन. कोणतं आधी होईल ते मलाही माहीत नाही. पण या.

तुमची वहिनी